बैठकीचे दुखणे

काही दुखणी अशी असतात, की ती चारचौघांत सांगता येत नाहीत आणि सांगितलीच तर ऐकणारा हसतो. सायकलवरून लांबचे पल्ले गाठणाऱ्यांच्या बैठकीचे दुखणे हे त्यांतलेच. पाय दुखले तर सहानुभूती मिळते, धाप लागली तर कोणी पाणी आणून देतो. पण ज्या अवयवाच्या आधारावर माणूस निम्मे आयुष्य काढतो (आम्हां सरकारी नोकरांचे तर निम्म्याहून अधिक), त्याच्या वेदनेला समाजात स्थान नाही.

वास्तविक ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. १९८९ सालची ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत घ्या. तीन हजारांहून अधिक किलोमीटर धावून झाल्यावर शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होता. उरला होता व्हर्साय ते पॅरिस हा अवघा साडेचोवीस किलोमीटरांचा टप्पा. परंतु बैठकीच्या जागी झालेल्या फोडाने त्याला धड बसवत नव्हते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ती शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. लेमाँडच्या नव्या धाटणीच्या हँडलला लोक या विजयाचे श्रेय देतात, आणि ते रास्तच आहे. तथापि ८ सेकंदांच्या हिशेबात त्या फोडाचाही वाटा असणार, असे मला वाटते.

हे दुखणे होते कशाने? सीट कठीण असते म्हणून, असे बहुतेकांचे उत्तर असते, आणि तेथेच घोटाळा होतो. श्रोतेहो, लाकडी खुर्चीवर बसून आपले तळवे खाली सरकवून पाहा. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ही कमरेच्या हाडांची खालची टोके. बसलेल्या माणसाचे ओझे पेलण्यासाठीच निसर्गाने ती घडविली आहेत. त्यांच्यामधील अंतर माणसागणिक बदलते. स्त्रियांत ते सामान्यतः अधिक असते. सीटची रुंदी या अंतराला जुळली, की भार हाडांवर पडतो. न जुळली, की तोच भार मधल्या नाजूक भागावर येतो आणि तेथील शिरा व मज्जातंतू चेपले जातात. म्हणूनच गादीसारखे मऊ आवरण दुकानात बोटाने दाबून पाहताना जितके सुखावह वाटते, तितके ते रस्त्यावर ठरत नाही. हाडे त्यात रुततात, मधला भाग फुगून वर येतो आणि नको तेथे दाबतो. उलट, इंग्लंडच्या जॉन बूल्टबी ब्रूक्स यांनी १८८२ साली ज्या चामडी सीटचे पेटंट घेतले, त्या जातीची सीट प्रथम फळीसारखी टणक लागते. पण शेकडो किलोमीटरांनंतर ती स्वाराच्या हाडांचा ठसा घेते आणि मग जुन्या वहाणेसारखी अंगची होते.

आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींच्या सीट रुंद आणि स्प्रिंगच्या का असत, हेही यावरून उमगेल. त्यांवर माणूस ताठ बसतो व सारे वजन सीटवरच येते. पुढे वाकून चालविण्याच्या सायकलीत काही वजन हातांवर जाते. तेथे अरुंद सीटच बरी, एरवी मांड्या घासतात.

आता उंची. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली, तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. सीट याहून वर असली, की प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे झुलते. मिनिटाला ऐंशी फेरे धरले, तर तासाला ४,८०० वेळा कातडी घासली जाते! सीटचे टोक वर उचललेले नसावे, फार खाली झुकलेलेही नसावे; झुकले तर स्वार पुढे घसरत राहतो आणि मनगटे भरून येतात. जो काही फरक करावयाचा, तो एका वेळी अगदी थोडा करावा.

दाबाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे घामात भिजलेली शिवण. मुंबई, चेन्नई किंवा कोलकाता येथील दमट हवेत तर कापडाची साधी कड तासाभरात काचू लागते. यासाठी सायकलस्वारांची अस्तराची चड्डी मिळते. तिच्या आत दुसरे वस्त्र घालावयाचे नसते; नवख्यांना हे सांगताना थोडा संकोच वाटतो, पण आतली शिवण राहिली तर त्या चड्डीचा उपयोग काय? पूर्वी हे अस्तर शॅमी नावाच्या मऊ चामड्याचे असे. आज ते कृत्रिम धाग्यांचे असते. काचणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याची १,२०० किलोमीटरांची फेरी ९० तासांत पुरी करणारे स्वारही अखंड बसून राहत नाहीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी ते पायडलवर उभे राहतात आणि दबलेल्या भागात रक्त खेळू देतात. तेथे जाण्यापूर्वी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर अशा चढत्या पायऱ्या पार कराव्या लागतात. या परीक्षा भारतातही होतात. पायांबरोबर कातडीलाही अशीच हळूहळू सवय लागते.

इतके करूनही त्रास झाला, तर मुक्कामी पोचताच प्रथम ओले कपडे उतरवावे, सौम्य साबणाने अंग धुऊन कोरडे करावे. चड्डी रोज धुवावी, उन्हात वाळवावी. नुसते सोलवटले असेल, तर लहान मुलांना लावतात ते झिंकचे मलम पुरते. केसतोड झाला, तर तो पिळू नये. दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावे आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवावी. दुखणे वाढले, ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी तेवढीही वाट पाहू नये. फ्रान्सच्याच लुईसाँ बोबे याने १९५५ साली असल्याच फोडांसह ‘तूर द फ्रान्स’ जिंकली, पण पुढे त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

वेदनेहूनही बधिरपणाला अधिक भ्यावे. त्या भागाला मुंग्या आल्या किंवा तो बधिर झाला, तर लगेच उतरावे, थोडे चालावे. उतरल्यावरही बधिरपणा टिकला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि फोड दर वेळी एकाच बाजूस येत असेल, तर मलमाआधी पाना हाती घ्यावा: बहुधा सीट वाकडी बसलेली असते. ती सरळ असूनही तसेच घडत असेल, तर आपल्या दोन्ही पायांची लांबी एकदा मोजून घ्यावी.