जेवणाचा डबा हातात घेतलेला गायक

लेखमाला : सोलची वाट – भाग 8

मागच्या भागात आपण मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत होतो. ऑर्गनवर बसणाऱ्या बुकर टी. जोन्सशी तिथे आपली ओळख झाली. मेम्फिस सोडून हा बुकर टी. कॅलिफोर्नियात आला आणि लवकरच एका नवख्या गायकाचा अल्बम करण्याचं काम त्याच्या हाती आलं. नवखा म्हणायचं, पण वयाची तिशी ओलांडलेला. दिवसा तो विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता, बोइंग 747ची स्वच्छतागृहं तयार करण्याच्या खात्यात. नाव बिल विदर्स.

सोलमधले बहुतेक मोठे आवाज विशी-पंचविशीतच गाजले. ओटिस रेडिंग तर सव्विसाव्या वर्षी गेलासुद्धा. विदर्सचा पहिला अल्बम निघाला तो तेहतिसाव्या वर्षी. या उशिरानेच त्याला घडवलं असं मला वाटतं. त्याने काय लिहिलं, काय सोसलं, काय सोसलं नाही आणि केव्हा उठून गेला, या सगळ्याची मुळं तिथे सापडतात.

4 जुलै 1938 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणीच्या वस्तीत त्याचा जन्म झाला. सहा भावंडांत तो धाकटा. वडील खाणीत कामाला होते. आईवडील वेगळे झाल्यावर तो जवळच्या बेकली गावात आईच्या माहेरच्या माणसांत वाढला. तेरा वर्षांचा असताना वडील वारले. बोलताना तो अडखळायचा, आणि हे अडखळणं विशी उलटून गेली तरी सुटलं नव्हतं. सतराव्या वर्षी नौदलात गेला, तिथे विमानांची दुरुस्ती शिकला आणि नऊ वर्षं राहिला. बाहेर पडल्यावर काही दिवस घरोघरी दूध पोहोचवलं.

गाण्याकडे तो वळला त्याची हकीकत त्यानेच सांगितली आहे. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्सचं गाणं होतं आणि गायकाला यायला उशीर झाला. आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो आणि हा वेळेवर येत नाही, म्हणून व्यवस्थापक चिडचिड करत होता. विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत. मग रॉल्स आला आणि सगळ्या बायका त्याच्याकडे बघू लागल्या. विदर्सने गहाणवटीच्या दुकानातून एक जुनी गिटार घेतली आणि एकेक स्वर जुळवत शिकायला बसला.

1971 साली ससेक्स या छोट्या कंपनीने त्याचा पहिला अल्बम काढला, ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’. कंपनीचा मालक क्लॅरन्स अव्हांट, निर्माता बुकर टी. त्याने आपले मेम्फिसचे सोबती बोलावले, बेसवर डक डन आणि ड्रम्सवर अल जॅक्सन. गिटारला स्टीफन स्टिल्स. वेष्टनावरचं छायाचित्र जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच काढलेलं आहे. विटांच्या भिंतीपाशी विदर्स उभा आहे आणि हातात त्याचा डबा. हा डबा छायाचित्रकाराने शोभेला दिलेला नव्हता, रोज कामावर न्यायचा तोच होता. गाण्याच्या धंद्यावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून अल्बम झाला तरी नोकरी त्याने लगेच सोडली नाही.

याच अल्बममधलं ‘एन्ट नो सनशाइन’ जरा थांबून ऐकू या. दारूत बुडत गेलेल्या एका जोडप्यावरचा ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ हा 1962चा चित्रपट बघून त्याला हे गाणं सुचलं. आधी वाद्यांचे चार सूर वाजतील म्हणून आपण वाट बघतो, पण थेट आवाजच येतो. या लेखमालेत ब्लूजचं कडवं आपण पाहिलं आहे: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत उलगडा. विदर्स इथे क्रम हलवतो. दुसरी ओळ वेगळी म्हणतो, पहिली तिसऱ्या जागी आणतो आणि तिथून पुढे वाक्य लांबवत नेतो. घरातून गेलेल्या बाईची वाट पाहणाऱ्याचं मन जसं फिरून त्याच जागी येतं, तसं ते वाक्य परत येतं.

मग मधल्या भागात ‘मला माहीत आहे’ एवढ्याच अर्थाचे दोन शब्द तो 26 वेळा म्हणतो. सोबतीला जवळजवळ फक्त ड्रम्स. खरं तर तिथे आणखी एक कडवं लिहायचं त्याच्या मनात होतं, पण स्टुडिओतल्या जाणत्या वादकांनी सांगितलं की आहे तसंच राहू दे. त्याने ऐकलं. कंपनीने हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढे होतं ‘हार्लेम’. रेडिओवाल्यांनीच तबकडी उलटून वाजवायला सुरुवात केली आणि अमेरिकेच्या यादीत गाणं तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. त्याला ग्रॅमीही मिळाला.

हातात पैसे आल्यावर त्याने एक वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानो घेतला. वाजवता येत नव्हता, म्हणून बोटं जशी बसतील तशी ठेवून पट्ट्यांवर वर-खाली फिरवू लागला, आणि त्यातून ‘लीन ऑन मी’ निघालं. घरी हार्मोनियम असेल तर पांढरी एकचा सा धरा आणि वाजवा: सा, सा रे ग म, म ग रे सा. मुखड्याची सुरुवात एवढीच आहे. एकही काळी पट्टी नाही, कुठे उडी नाही, शेजारच्या स्वराकडे एकेक पाऊल. खालची स्वरसंगतीही त्याच पायऱ्या चढते आणि उतरते. म्हणूनच दहा हजार माणसं एकदम गाऊ लागली तरी हे गाणं बिघडत नाही. ज्याला पियानो येत होता त्याने इतकं साधं काही ठेवलंच नसतं. शब्दही तसेच, अडीअडचणीला माझ्याकडे ये, उद्या मला तुझी गरज लागेल. लॉस एंजेलिसमध्ये राहताना त्याला गावाकडची माणसं आठवत होती, शेजाऱ्याच्या हाकेला धावून जाणारी. जुलै 1972मध्ये हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

पुढचा काळ इतका सुखाचा नाही. ससेक्सशी पैशांवरून वाद झाला. पूर्ण झालेला एक अल्बम आपण रागाने पुसून टाकला, असं त्याने पुढे सांगितलं. 1975मध्ये ती कंपनीच बंद पडली आणि तो कोलंबिया कंपनीत गेला. तिथले अधिकारी त्याला सोल कसं असावं ते शिकवू लागले. एकाने तर एल्विस प्रेस्लीचं ‘इन द गेटो’ गाऊन बघ, असं सुचवलं. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या, खाणीच्या गावातून आलेल्या माणसाला हा सल्ला! मला याचा आजही राग येतो. तरी 1977मध्ये ‘लव्हली डे’ आलं. त्यात शेवटी एक स्वर तो तब्बल 18 सेकंद धरून ठेवतो. 1981मध्ये ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या सॅक्सोफोनसोबत ‘जस्ट द टू ऑफ अस’ आलं आणि दुसरा ग्रॅमी मिळाला. पण 1978नंतर त्याचा स्वतःचा अल्बम निघायला 1985 साल उजाडलं. स्टुडिओत केलेला तो आठवा. त्यानंतर विदर्सने एकही अल्बम केला नाही.

त्याची कारकीर्द अर्धवट राहिली, असं काही जण हळहळून लिहितात. मला ते पटत नाही. सतराव्या वर्षापासून हाताने काम करून पोट भरलेल्या माणसाला गाण्यावाचून जगता येतं हे ठाऊक असतं. गाणीही आपली चालतच राहिली. क्लब नूवोने 1987मध्ये ‘लीन ऑन मी’ नव्या ठेक्यावर पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं आणि गीतकार म्हणून विदर्सला तिसरा ग्रॅमी मिळाला. ‘ग्रँडमाज हॅण्ड्स’ या आजीवरच्या गाण्यातलं गुणगुणणं घेऊन ब्लॅकस्ट्रीटने 1996मध्ये ‘नो डिगिटी’ बांधलं. 2015मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा स्वागताला स्टीव्ही वंडर होता. 30 मार्च 2020 रोजी, 81व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. तेव्हा टाळेबंदीत अडकलेली माणसं डॉक्टर-परिचारिकांसाठी ‘लीन ऑन मी’च गात होती.

ऐकायला सुरुवात करणाऱ्यांनी 6 ऑक्टोबर 1972च्या कार्नेगी हॉलच्या मैफलीपासून करावी. त्यातलं ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’ चुकवू नका. व्हिएतनामच्या युद्धात उजवा हात गमावलेला सैनिक आईला पत्र लिहून द्या म्हणून कुणाला तरी विनवतो आहे. गाण्याआधी विदर्स बराच वेळ नुसता बोलतो, लहानपणी ज्याला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं तोच विदर्स, आणि मागे जेम्स गॅडसनचे ड्रम्स हलकेच चालू असतात. बोलण्यातून तो गाण्यात नेमका कुठे शिरतो ते ऐका. पुढच्या भागात एटा जेम्स.