पानाने केली चुगली!

अळूच्या पानावर पाणी टाकून पाहिलंयस कधी? नसेल तर आजच टाक! पाण्याचे टपोरे मोती होतात आणि घरंगळत खाली पळतात. पान आपलं कोरडं ठणठणीत!

ही करामत मेणाची. आणि मेण काही एकट्या अळूचं नाही बरं का! आंबा, वड, चिक्कू, कोणतंही पान घे. त्याच्या अंगावर एक पातळ पापुद्रा असतो. तुझ्या केसापेक्षाही कितीतरी पातळ! त्यात मेण असतं आणि क्युटिन नावाचा एक चिवट पदार्थ. पानातलं पाणी उन्हात उडून जाऊ नये, म्हणून ही सोय.

आता ओळख पाहू! पान गळून चिखलात पडलं. वर गाळाचे थर साचले. चिखलाचा दगड झाला. तर आतला पापुद्रा किती टिकेल? वर्षभर? शंभर वर्षं? हजार?

२० कोटी वर्षं!

हो हो, कोटीच! तेव्हा डायनासोर होते, पण त्यांच्या पायाखाली गवत नव्हतं. गवत पृथ्वीवर यायचंच होतं! इतकं जुनं पान दगडात सापडतं तेव्हा कधीकधी त्याचा पापुद्रा अलगद सोडवून घेता येतो. तपकिरी, कुरकुरीत. सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पानाच्या पेशींच्या कडासुद्धा दिसतात.

बरं, पण हे पान कोणत्या घराण्यातलं? आजचं झाड असतं, तर शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला असता. पण डीएनए फार नाजूक. आजवर मिळालेला सगळ्यांत जुना डीएनए ग्रीनलँडच्या मातीतला आहे, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. आपलं पान त्याच्याहून शंभर पट जुनं! म्हणजे डीएनएचं नावच नको.

मग विचारायचं कुणाला? त्या पापुद्र्यालाच! आणि त्याला बोलतं कसं करायचं? न दिसणाऱ्या उजेडाने!

न दिसणारा उजेड तुमच्या घरातच आहे. टीव्हीचा रिमोट घे. त्याच्या टोकाला बारकासा दिवा असतो. त्याच्याकडे बघत बटण दाब. काही दिसलं? काही नाही! आता मोबाइलचा कॅमेरा सुरू कर आणि त्यातून बघ. बऱ्याच मोबाइलमध्ये दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो! हेच अवरक्त किरण. १८०० साली शास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी त्यांना पकडलं, तेही तापमापीने! त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि कोणता रंग किती गरम ते मोजलं. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत जास्त चढला!

आता जरा मैदानात चल, झोपाळ्याकडे. मैत्रीण झोका घेतेय आणि तू धक्का देतोस किंवा देतेस. झोका मागे येऊन परत निघतो, नेमका तेव्हा धक्का दिला तर? वर, वर, वर! भलत्याच वेळी दिला तर झोकाही चढत नाही आणि मैत्रीणही चिडते.

पापुद्र्यात असे असंख्य झोपाळे आहेत! मेणाच्या प्रत्येक कणात कार्बन आणि हायड्रोजन यांचे अणू जोडीजोडीने बांधलेले असतात, आणि त्या जोड्या सारख्या थरथरतात. किती वेगाने? सेकंदाला सुमारे ८७ लाख कोटी वेळा! तू ‘अं?’ म्हणालास किंवा म्हणालीस, तेवढ्यात लाखो कोटी झोके घेऊन झाले त्यांचे! कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीचा ताल वेगळा, जरा संथ. संथ म्हणजे तरी सेकंदाला ५० लाख कोटींच्या आसपास. काय हे!

अवरक्त किरणांचेही असेच निरनिराळे ताल असतात. पापुद्र्यावर ते सोडले, की ज्याचा ताल जुळतो त्याचा धक्का ती जोडी गट्ट करते. बाकीचे किरण आरपार निघून जातात. पलीकडे बसलेलं यंत्र त्याची रेघ काढतं. ज्या तालाचा किरण गिळला गेला, तिथे रेघेला खळगा! मग कुठे खळगा आहे आणि किती खोल आहे, हे बघून पापुद्र्यात कोणकोणत्या जोड्या आहेत ते कळतं. या पद्धतीला म्हणतात अवरक्त वर्णपटमिती. नाव जड आहे खरं, पण काम एवढंच: कुणी काय गिळलं ते सांगणं. चुगलीच की ही!

या यंत्रांची एक गंमत सांगायलाच हवी. यातले बरेचसे किरण साध्या काचेतून जातच नाहीत! म्हणून अशा कामासाठी खिडक्या कशाच्या करतात, माहीत आहे? मिठाच्या! आपल्या आमटीतलं तेच मीठ, फक्त मोठ्या, स्वच्छ स्फटिकाचं. अशा खिडकीला दमट हवेपासून जपावं लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना? तसं झालं की खिडकी खराब!

२०१७ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञ विवी वायदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. आधी त्यांनी जिवंत झाडांच्या पानांचे वर्णपट, म्हणजे त्या खळग्यांच्या रेघा, काढले. डीएनएने लावलेली नाती आणि खळग्यांनी लावलेली नाती जुळतात का ते पाहिलं. जुळली! मग जुनी पानं घेतली, स्वीडन, ग्रीनलँड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दगडांमधली. गिंको नावाच्या झाडांची पानं गिंकोंच्या घोळक्यात गेली, सूचिपर्णी झाडांची आपल्या घोळक्यात.

आणि निल्सोनिया? तिने मात्र गोंधळ उडवला!

निल्सोनिया हे नामशेष झालेलं झाड. तिचं पान लांबट. बागेत सायकस असतो ना, निल्सोनियाच्या पानावरची श्वासाची छिद्रं थेट त्या सायकससारखी. म्हणून सगळे म्हणायचे, ही सायकसचीच नातेवाईक! पण वर्णपटाने तिला सायकसजवळ बसू दिलं नाही. ती जाऊन बसली बेनेटायटेलीज नावाच्या दुसऱ्याच नामशेष घराण्याशेजारी. छिद्रं एक सांगत होती, मेण दुसरंच सांगत होतं!

अर्थात, प्रत्येक पान इतकं बोलकं नसतं. जमिनीखाली दगड फार तापला, तर झोपाळ्यांच्या जोड्या तुटतात आणि सगळी पानं कोळशासारखी एकसारखीच होतात. मग चुगली करायला उरतं कोण?

बेनेटायटेलीज मात्र आपल्याही ओळखीचे आहेत बरं! झारखंडच्या राजमहाल टेकड्यांमध्ये त्यांचे भरपूर जीवाश्म सापडतात. तिथलं दगड झालेलं खोड, पानं आणि फुलासारखे अवयव जुळवून शास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३२ साली अख्खं झाड उभं केलं, विल्यमसोनिया सेवर्डियाना. ठेंगणं, जाडजूड खोडाचं, डोक्यावर पानांचा झुपका असलेलं. लांबून बघितलं तर तू नक्की म्हणशील, अरे, हा तर सायकस!