जखम हाडापाशी सुरू होते

पाठीच्या खालच्या टोकाला, माकडहाडाच्या किंचित वर, रुपयाच्या नाण्याएवढा डाग. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं अंग पुसताना तो घरातल्या कुणाला तरी दिसतो. चादरीची सुरकुती रुतली असेल, असं म्हणून त्यावर पावडर टाकली जाते. तीन-चार दिवसांत कातडी काळी पडते, सुटते, आणि खाली बोट जाईल एवढी पोकळी निघते. चार दिवसांत एवढं कसं झालं, असं म्हणत घरचे स्वतःला दोष देऊ लागतात. खरं तर डाग दिसला त्याच्या दोन-तीन दिवस आधीच आतला स्नायू मेलेला असू शकतो. शय्याव्रण, म्हणजे घराघरांत ज्याला बेडसोअर म्हणतात ती जखम, खोल असेल तर बहुधा आतून बाहेर आलेली असते.

झोपलेल्या माणसाचं वजन गादीवर सारखं पसरत नाही. माकडहाडाची जागा, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू, आणि बसलेल्या माणसाच्या नितंबातली हाडं, अशा मोजक्या उंचवट्यांवर ते एकवटतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी, चरबी आणि स्नायू दाबले जातात. युजीन लँडिस या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतला दाब मोजला. रक्त आत शिरतं त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. रक्तदाबाचे १२०-८० हे आकडे आपण ऐकतो, तेच हे माप. टणक गादीवर टेकलेल्या टाचेखालचा दाब याच्या कितीतरी वर जातो, आणि मग या वाहिन्या मिटून रक्त अडू शकतं.

हा दाब धडधाकट माणसावरही पडतो. पण ऑक्सिजन कमी पडू लागला की तिथले मज्जातंतू कुरकुरतात आणि आपण गाढ झोपेतही कूस बदलतो. मज्जारज्जूला इजा झालेल्याला ती कुरकुर ऐकूच येत नाही. पक्षाघात झालेल्याला ती जाणवली, तरी हलता येत नाही.

रक्त अडणं हे एकच कारण मात्र नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन आणि इस्रायलमधल्या तेल अविव इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पेशी फार ताणल्या-दाबल्या गेल्या तर त्यांचा आकारच बिघडतो, त्यांचं आवरण फाटतं आणि रक्ताचा तुटवडा जाणवायच्या आधीच त्या मरू लागतात. हा ताण सर्वात जास्त असतो हाडालगत. स्नायू कातडीपेक्षा नाजूक. म्हणून जखमेचं तोंड लहान आणि बूड रुंद.

यात भर पडते घसरण्याची. पलंगाचं डोकं उंच केलं की माणूस हळूहळू खाली सरकतो. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड पुढे जातं, मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिरगळतात. लघवी-घामाने ओली झालेली कातडी आणखी लवकर सोलवटते. जेवताना डोकं उंच लागतंच, पण एरवी ते ३० अंशांच्या वर नको.

हे सगळं टाळता येतं, यावर डॉक्टरांचाही बराच काळ विश्वास नव्हता. १९व्या शतकात पॅरिसचे थोर मज्जातज्ज्ञ शार्को मानत, की मज्जेची इजाच या जखमा घडवते. मज्जेची इजा बरी होत नाही, म्हणजे जखमाही अटळ! पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू तुटलेले बहुसंख्य सैनिक जखमांच्या आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने गेले. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले हे ज्यू डॉक्टर. त्यांनी रुग्णांची प्लास्टरं काढायला लावली आणि नियम घातला: दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. ते होतंय का हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात येत. पेनिसिलिन मदतीला आलं होतं हे खरं, पण माणसं उठून बसली ती प्रामुख्याने या शिस्तीमुळे. १९४८ मध्ये तिथल्याच हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या १६ जणांनी तिरंदाजी केली आणि पुढे त्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकले. त्या स्पर्धेची मुळं कूस बदलण्याच्या त्या वेळापत्रकापर्यंत जातात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्या घरांतलं. पुस्तकांत पहिली खूण दिलेली असते लाली, जी बोटाने दाबून सोडली तरी पांढरी होत नाही. गोऱ्या कातडीवर हे सहज दिसतं. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट छटा शोधावी आणि हात लावून पाहावं. ती जागा शेजारच्यापेक्षा गरम, थंड, टणक किंवा लिबलिबीत लागते का? रोज, चांगल्या उजेडात, टाचांसकट.

अशी जागा चोळू नये. आतल्या दुखावलेल्या वाहिन्या आणखी फाटतात. स्पिरिट लावू नये. मधे भोक असलेली हवेची चकती आजही सर्रास विकली जाते; तिच्या कडांवर दाब वाढून मधला रक्तपुरवठा तुटतो, ती नकोच. टाच अधांतरी राहील अशी उशी पोटरीखाली द्यावी. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं केलं तर भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून ३० अंश कलतं ठेवावं. एअर बेड घेतला तरी वळवणं सुटत नाही, आणि त्यावर रबरी कापड, गोधडी, दोन चादरी घातल्या तर त्याचा उपयोगही उरत नाही.

जेवणाकडे आपण फारच कमी पाहतो. आजारी म्हणून मऊ भात आणि पेज. त्यात प्रथिनं किती? जखम भरायला दर किलो वजनामागे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला रोज सुमारे ६२ ते ७५ ग्रॅम. अंडी, दूध, पनीर, घट्ट वरण अशा पदार्थांशिवाय ते जमत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

जखम झालीच, तर पहिला उपचार तिच्यावरचा भार काढणं. भार तसाच ठेवून कितीही महाग ड्रेसिंग केलं तरी ती भरत नाही. 'उघडी ठेवा, वारं लागू दे' हा सल्ला १९६२ मध्येच मोडीत निघाला: जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांत पाहिलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने धरते. सलाइनने धुवावं, हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशीही मारतं. मेलेला भाग शल्यचिकित्सक काढतात. टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली मात्र सहसा काढत नाहीत. ताप, दुर्गंधी, भोवती पसरणारी सूज किंवा तळाशी हाड दिसणं, यात एक दिवसही घालवू नये. 'सुपरमॅन' साकारणारे क्रिस्टोफर रीव्ह २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावर चिघळलेल्या शय्याव्रणाचेच उपचार चालू होते. आणि भरलेल्या जखमेच्या व्रणाला मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के बळ येतं, म्हणून तीच जागा पुन्हा फाटते.

दोन तासांचा नियम अजूनही बरोबर आहे का? २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २७ शुश्रूषागृहांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगल्या, घट्ट फोमच्या गादीवरच्या वृद्धांना दोन, तीन किंवा चार तासांनी वळवलं, तरी जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. साध्या कापसाच्या गादीला किंवा आधीच डाग असलेल्या माणसाला हे लागू नाही. पण गादी चांगली आणि कातडी शाबूत असेल, तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. कारण रात्री उठणारी बहुतेक घरांत एकटी बायको, सून किंवा लेक असते, आणि दिवसभर राबणारीही तीच. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात. कूस किती वाजता आणि कोणी बदलायची, हे बहुधा नसतं. ते विचारून लिहून घ्यावं, आणि त्यातली रात्रीची निदान एक पाळी घरातल्या पुरुषाने उचलावी.