अकीक घासताना भर कशाची घालावी?

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सापडणारे अकीक कंपन-टम्बलरमध्ये सुरेख चमकतात. मात्र भांड्यात नुसते दगड घातले, तर मोठे दगड एकमेकांवर आपटून त्यांच्या कडांचे टवके उडतात. म्हणून त्यांच्या जोडीला छोट्या तुकड्यांची भर लागते. ती दगडांमधल्या फटी भरते, धक्के सोसते आणि घासण्याची पूड खाचाखोचांपर्यंत पोहोचवते.

कंपन-टम्बलरसाठी सिरॅमिकचे गुळगुळीत तुकडे सर्वांत भरवशाचे. ते जड असल्यामुळे कंपन दगडांपर्यंत नीट पोहोचवतात, सावकाश झिजतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. साधारण ३ आणि ६ ते १० मिलिमीटर असे दोन आकार मिसळावेत. बारीक तुकडे कोपऱ्यांत शिरतात, मोठे दगडांना वेगळे ठेवतात. विकत घेताना ते अपघर्षक नसल्याची खात्री मात्र करावी. अपघर्षक सिरॅमिक पॉलिशच्या टप्प्यात ओरखडे पाडते.

प्लॅस्टिकचे दाणे मऊ आणि हलके. ठिसूळ दगडांना ते सांभाळतात, पण कंपन बरेच शोषून घेतात. शिवाय पूड त्यांच्यात रुतून बसते, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचे दाणे वेगळे ठेवावे लागतात.

फुकटचा पर्याय म्हणजे अकिकाचेच छोटे खडे. कॅल्साइट मात्र त्यांच्यात मिसळू नये: मोह्स मापावर त्याचा कठीणपणा ३, अकिकाचा ६.५ ते ७.

भांडे सुमारे ८० ते ९० टक्के भरावे आणि दर टप्प्यानंतर दगड, भर व भांडे स्वच्छ धुवावे. मागे राहिलेला भरड पुडीचा एखादा कणही पुढची चमक बिघडवतो.