टोळधाडीची चाहूल समुद्रातून

मे २०२० मध्ये टोळांचे थवे राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले. शेतकऱ्यांनी थाळ्या व डबे वाजवून त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला. अनेकांच्या दृष्टीने संकटाचा आरंभ त्या दिवशी झाला. प्रत्यक्षात त्याची बीजे दोन वर्षे आधी अरबी समुद्रात पडली होती.

वादळापासून थव्यापर्यंत

मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘लुबान’ ही चक्रीवादळे अरबी द्वीपकल्पावर धडकली. ‘रब अल खाली’ या विस्तीर्ण वाळवंटात एरवी दुर्मीळ असलेला पाऊस झाला. वाळवंटी टोळाची मादी ओलसर वाळूत अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात आणि पावसाने उगवलेली हिरवळ त्यांना अन्न पुरवते. त्या निर्मनुष्य प्रदेशात टोळांच्या तीन पिढ्या कोणत्याही नियंत्रणाविना वाढल्या आणि पुढे थवे दोन दिशांना पसरले.

२०१९ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा लक्षणीय उबदार झाला. धन द्विध्रुव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थितीमुळे पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली आणि टोळांना नवे प्रजननक्षेत्र मिळाले. त्याच वर्षी भारतातून मोसमी पावसाची माघार ९ ऑक्टोबरला, म्हणजे विक्रमी उशिरा सुरू झाली. त्यामुळे भारत-पाकिस्तान सीमेवरील वाळवंटात टोळांचा प्रजननकाळ लांबला.

माहितीचे विखुरलेले दुवे

या साखळीतील जवळजवळ प्रत्येक दुव्यावर कोणा ना कोणा संस्थेची नजर असते. आर्गो तरंडे दर दहा दिवसांनी सुमारे २००० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत पाण्याचे तापमान व क्षारता मोजतात. ही माहिती हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे येते. चक्रीवादळांचा इशारा भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र समुद्री बर्फाचा अभ्यास करते. आर्क्टिकमधील कारा समुद्रावरील बर्फाची घट आणि भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांच्यात संबंध असण्याची शक्यता या केंद्राच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये मांडली. टोळांचे सर्वेक्षण व नियंत्रण ही टोळ इशारा संघटनेची जबाबदारी आहे, तर जागतिक पूर्वानुमान रोममधील अन्न व कृषी संघटना प्रसिद्ध करते.

समुद्र, बर्फ, वारा, जमिनीतील ओल आणि कीटक यांची माहिती एका नकाशावर आणणे हा एकात्मिक प्रणालीचा खरा अर्थ होय. मात्र तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. उपग्रहाला वाळवंटातील ओल व हिरवळ दिसते. वाळूत विखुरलेली पिल्ले दिसत नाहीत. २०१८ मधील वादळे सर्वांना दिसली होती, परंतु त्यानंतर वाळवंटात पाहणी करणारे कोणी पोहोचले नाही. कोठे शोधावे हे समुद्र सांगतो. टोळ आहेत की नाहीत हे पाहणीनेच ठरते.

वेळ का महत्त्वाची?

पिल्लांना पंख नसल्याने ती मर्यादित क्षेत्रात राहतात आणि तेथेच त्यांचे नियंत्रण शक्य असते. पंख फुटल्यावर थवा वाऱ्याबरोबर दिवसाला १०० ते १५० किलोमीटर जाऊ शकतो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि प्रत्येक टोळ रोज सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे स्वतःच्या वजनाइतके खातो.

शिवारातील नोंद

विस्तार कार्यकर्ते व शेतकरी हे या प्रणालीचे शेवटचे निरीक्षक आहेत. थवा दिसताच पुढील बाबी नोंदवून कृषी विभागाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला तत्काळ कळवाव्यात:

• दिनांक, वेळ, गाव आणि थव्याची अंदाजे लांबी-रुंदी
• उडण्याची व वाऱ्याची दिशा
• रंग: गुलाबी टोळ अपरिपक्व, पिवळे टोळ अंडी घालण्यास सक्षम
• सायंकाळी मुक्कामाची जागा. कारण फवारणी रात्री ते पहाटे, थवा उडण्यापूर्वी करावी लागते
• पिवळे टोळ मोकळ्या, रेताड जमिनीवर बसले असल्यास ती जागा

शेवटची नोंद विशेष मोलाची आहे. अंडी घातलेली जागा ठाऊक असली, तर पुढील पिढीला पंख फुटण्यापूर्वीच गाठता येते.