पालक आणि वर्ग

शाळा म्हटली की चार भिंती, फळा, बाके आणि शिक्षक एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्या चित्रात पालकाला सहसा जागा नसते. प्रवेशाच्या दिवशी तो मुलाला दारापर्यंत पोहोचवितो, निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकावर सही करतो. आणि मध्येच बोलावणे आले, तर मुलाने काही आगळीक केली असावी या धास्तीने येतो. वास्तविक मूल शाळेत असते ते दिवसाचे पाच-सहा तास. उरलेला सारा काळ ते घरचे असते. तेव्हा घर आणि वर्ग एकमेकांना अनोळखी राहिले, तर नुकसान कोणाचे होते, हे सांगावयास नकोच.

पालकांनी शाळेत लक्ष घालावे हा विचार गोमंतकाला नवा नाही. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून चाले. मराठी शिक्षणाचा भार लोकांनीच आपल्या शिरावर घेतला. देवळाच्या अग्रशाळेत, नाहीतर एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर शाळा भरे, आणि पंतोजींच्या चरितार्थाची चिंता गावच वाही. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर अशा खाजगी शाळा अधिकच वाढल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि पुढे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या राजवटीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. गरिबाच्या मुलाला शिक्षणाचे दार उघडले, हा लाभ फार मोठा होता. मात्र शाळेची जबाबदारी सरकारने उचलताच 'आता आपले काम संपले' अशीही समजूत हळूहळू रुजली असावी, असे वाटते.

ती समजूत बरोबर नाही, हे आता कायद्यानेही सांगितले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. पहिली ते आठवीच्या शिक्षणासाठी असलेल्या या कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. सरकारी शाळेत कारभारावर देखरेख ठेवणे आणि विकासाचा आराखडा करणे ही तिची कामे होत. शिक्षकांवरही एक कर्तव्य सोपविलेले आहे. त्यांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, आकलनशक्ती व प्रगती त्यांना कळवावी. म्हणजे सभेला येणे हा पालकाचा हक्क आहे, उपकार नव्हे.

तरीही कितीतरी माता म्हणतात, "आम्ही शिकलेली नाही, आम्हांला त्यातले काय कळते?" या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक यांच्या कार्यात सापडते. १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी व अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातूनच वाढली. शिक्षण अंगणात आले म्हणजे ते आईच्या डोळ्यांसमोर चालते, आणि जे डोळ्यांसमोर चालते त्याची भीती उरत नाही.

आपल्या भागात भाषेचाही संकोच असतो. घरात कोकणी, पुस्तकात मराठी, पुढे इंग्रजी. मग सभेत बोलावे कसे? त्यांनी कोकणीतच बोलावे. मूल घरी कोणत्या शब्दांत विचार करते हे शिक्षकाला त्यातूनच उमगते, आणि पुस्तकातील शब्दाची गाठ घरच्या शब्दाशी घालून देता येते.

वर्गाला देण्याजोगे पालकांजवळ पुष्कळ आहे. कारापूरच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजविलेल्या नौका सोडतात. ज्या हातांनी अशी नौका घडविली, त्या हातांनी वर्गात येऊन तिचा तोल कसा साधला हे दाखविले, तर आर्किमिडीजचा सिद्धान्त मुलांना पाठ करावा लागणार नाही. डिचोलीच्या कुंभाराचे चाक, काजूच्या बागेतील हिशेब, आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी, हे सारे धडेच आहेत.

आणि एक गोष्ट केवळ पालकच सांगू शकतो. २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली तालुक्यातील अनेक घरांची मिळकत अकस्मात थांबली. अशा वेळी वर्गात मूल गप्प बसते, वही आणीत नाही, खिडकीबाहेर पाहत राहते. कारण ठाऊक नसले तर शिक्षकाला तो आळस वाटतो आणि तो शिक्षा करून मोकळा होतो. आईबापांचे दोन शब्द वेळेवर कानी पडले, तर शिक्षेच्या जागी धीर मिळतो. कोणी सांगावे, एखाद्याचे शिक्षण त्या दोन शब्दांनी वाचेल.

अर्थात लक्ष घालणे म्हणजे ढवळाढवळ करणे नव्हे. मुलाचा गृहपाठ आपण लिहून देणे, गुणांसाठी शिक्षकाशी हुज्जत घालणे, शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करणे, या गोष्टी मदत करीत नाहीत. त्यापेक्षा सायंकाळी दहा मिनिटे जवळ बसवून "आज काय शिकलास?" असे विचारावे, आणि ते सांगत असता मन लावून ऐकावे. जे मूल समजावून सांगू शकते, त्याला विषय समजलेला असतो. हे पारखावयास अक्षरओळखही लागत नाही.

शिक्षकांनीही सभा मजुरीच्या वेळेत न ठेवता सर्वांना सोयीच्या वेळी ठेवाव्या, आणि तक्रारीआधी मुलाचा एखादा गुण सांगावा. विद्यार्थिमित्रांनो, सभेची चिठ्ठी दप्तरात दडवून न ठेवता घरी पोहोचविण्याचे काम तुमचे आहे. पुढच्या सभेला आईबाबांना सोबत घेऊन या आणि आपण कोणत्या बाकावर बसतो ते त्यांना दाखवा.