वेंधळे दरोडेखोर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा पेच उभा राहिला. माझी साडेचार वर्षांची नात संध्याकाळीं टेलिव्हिजनसमोर बसून डाल्टन बंधूंचें कार्टून पाहत होती. चार भाऊ, चौघांच्याहि अंगांत कैद्याचे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे. चौघे तुरुंगांतून पळण्याचा बेत करतात आणि तो बेत दर वेळीं त्यांच्याच अंगावर कोसळतो. पोर हंसून हंसून लोळत होती. मध्येंच ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, हे चोर खरे होते का हो?"

मला उत्तर ठाऊक होतें, आणि म्हणूनच मी गप्प बसलों. डाल्टन खरे होते. १८९२ सालच्या एका सकाळीं त्यांच्यापायीं आठ माणसें प्राणास मुकलीं. हें त्या चिमुरडीला सांगावें कीं न सांगावें, आणि सांगावयाचें तर कोणत्या शब्दांत, हा तो पेच. श्रोतेहो, आज मी आपल्यापुढें त्याचाच विचार मोठ्यानें करणार आहें.

अमेरिकेच्या पश्चिम भागांतील गुराखी, शेरीफ आणि बँका लुटणारे घोडेस्वार यांच्या ज्या कथा सिनेमानें जगभर नेल्या, त्यांना आपणहि 'वेस्टर्न' असेंच म्हणतों. मोठ्यांच्या वेस्टर्नमधील दरोडेखोर थंड डोळ्यांचा, मितभाषी आणि अचूक नेमाचा असतो. तोच मनुष्य मुलांच्या वेस्टर्नमध्यें शिरला, कीं त्याची दशा पाहवत नाहीं. १९४५ सालीं फ्रिझ फ्रेलेंग या दिग्दर्शकानें वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनांत योसेमिटी सॅम नांवाचा आगगाडी लुटणारा दरोडेखोर आणला. हा गृहस्थ केवढा, तर ज्या सशाला तो धमकावतो त्या बग्ज बनीहूनहि ठेंगणा. मिशा मात्र भल्यामोठ्या आणि लालभडक, आणि आवाज तोफेसारखा. बेल्जियमच्या मॉरिस या चित्रकारानें निर्माण केलेल्या आणि पुढें रेने गोसिनी या लेखकानें शब्द पुरविलेल्या 'लकी ल्यूक' या चित्रकथांतील डाल्टन बंधु याच जातीचे आहेत. जो, विल्यम, जॅक आणि आव्हरेल हे चौघे ओळीनें उभे राहिले म्हणजे जिना दिसतो. सर्वांत ठेंगणा जो सर्वांत संतापी, आणि सर्वांत उंच आव्हरेल सर्वांत मठ्ठ व सदाचा भुकेला. अक्षरओळख नसलेलें मूलहि त्यांना न चुकतां ओळखतें.

१९९५ सालच्या 'टॉय स्टोरी' या चित्रपटाच्या आरंभीं अँडी नांवाचा मुलगा आपल्या खेळण्यांना घेऊन वेस्टर्नच खेळत असतो. खोक्यांचें गांव, खोक्याचीच बँक, आणि बँक लुटणारा दुष्ट म्हणजे बटाट्याच्या आकाराचें एक खेळणें! त्याला पकडल्यावर तुरुंग कोणता? अँडीच्या तान्ह्या बहिणीचा पाळणा. तेथें ती त्या नामांकित दरोडेखोराला तोंडांत घालून चोखते आणि आपटते. हा प्रसंग मला फार मार्मिक वाटतो. दरोडेखोर किती भयंकर असावा, हें येथें मूल स्वतःच ठरवितें, आणि तें त्याला बटाट्याहून मोठा होऊं देत नाहीं.

चोराची भीति कोणत्याहि देशांतील मुलाला सांगून आणावी लागत नाहीं. अंधारांत खिडकी वाजली तरी ती येते. ज्याची भीति वाटते त्याची फजिती पाहावयास मिळाली, म्हणजे ती थोडी उतरते, हें आपणां सर्वांच्या अनुभवाचें आहे. परंतु येथें याहूनहि सूक्ष्म असें कांहीं घडत असावें. कार्टूनमधील चोर झुडुपामागें लपतो. त्याची टोपी झुडुपाच्या वर दिसत असते. शेरीफ ती पाहतो. चोराला मात्र वाटतें, कीं आपण कोणासहि दिसत नाहीं. या विनोदाचें हंसूं येण्यासाठीं 'मला जें ठाऊक आहे तें त्याला ठाऊक नाहीं' एवढें मुलाला कळावें लागतें. आपल्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण ती जन्मतः येत नाहीं. १९८३ सालीं हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनीं याची एक सुंदर परीक्षा प्रसिद्ध केली. मॅक्सी नांवाचा मुलगा आपलें चॉकलेट एका कपाटांत ठेवून बाहेर जातो. त्याच्या पाठीमागें आई तें दुसऱ्या कपाटांत ठेवते. आतां परत आल्यावर मॅक्सी तें कोठें शोधील? तीन वर्षांचीं मुलें बहुधा दुसरें कपाट दाखवितात. चॉकलेट जेथें आहे तेथेंच तो जाणार, असें त्यांना वाटतें. चौथ्या-पांचव्या वर्षाच्या सुमारास हळूहळू उलगडा होऊं लागतो, कीं बिचारा मॅक्सी पहिल्याच कपाटाकडे जाईल.

मग त्या वयाच्या मुलाला वेंधळा दरोडेखोर इतका कां आवडतो हें मला समजल्यासारखें वाटतें. एक नवी शक्ति नुकतीच हाताला लागलेली आहे, आणि समोर असा एक मोठा मनुष्य आहे, कीं ज्याच्याहून आपल्याला दर क्षणीं अधिक कळतें. घरांत तर सर्व मोठीं माणसें आपल्याहून शहाणीं! आमची नात पडद्याकडे बोट करून "अरे, मागें बघ, मागें!" असें ओरडते, तेव्हां ती त्या चोराला वांचवीत असते कीं आपला विजय साजरा करीत असते, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

येथवर सारें गोड आहे. आतां खऱ्या डाल्टनांकडे वळूं.

डाल्टनांचें कुटुंब एके काळीं कॅन्सस संस्थानांतील कॉफीव्हिल या गांवाच्या परिसरांत राहत असे. त्यांतला फ्रँक हा भाऊ सरकारचा डेप्युटी मार्शल होता आणि १८८७ सालीं तो कामावर असतांनाच मारला गेला. ग्रॅट, बॉब आणि एमेट या त्याच्या भावांनींहि कांहीं काळ कायद्याच्याच बाजूनें काम केलें. मग ते फिरले आणि आगगाड्या लुटूं लागले. ५ ऑक्टोबर १८९२ रोजीं सकाळीं हे तिघे आणि बिल पॉवर व डिक ब्रॉडवेल हे त्यांचे दोन साथीदार कॉफीव्हिलमध्यें आले. बेत असा, कीं समोरासमोरच्या दोन बँका एकाच वेळीं लुटावयाच्या. गांव ओळखीचें, म्हणून कांहींनीं खोट्या दाढीमिशा लावल्या होत्या. त्या फसल्याच, एका गांवकऱ्यानें त्यांना ओळखलें. बँकांसमोर घोडे बांधावयाचे, तर रस्तादुरुस्तीमुळें तेथील खांब-दांड्या काढून ठेवलेल्या. म्हणून घोडे दूर एका गल्लींत बांधले. एका बँकेंतील खजिनदारानें त्यांना बजावलें, कीं तिजोरीचें कुलूप घड्याळाचें आहे, ठराविक वेळ झाल्यावांचून तें उघडणार नाहीं. वास्तविक तें केव्हांच उघडलेलें होतें; पण दरोडेखोरांनीं त्याचा शब्द खरा मानला आणि ते वेळ होण्याची वाट पाहत उभे राहिले!

श्रोतेहो, क्षणभर येथें थांबा. खोट्या दाढ्या, लांब बांधलेले घोडे, आणि खजिनदाराच्या थापेवर विश्वासून तिजोरीपुढें ताटकळणारे तीन शस्त्रधारी पुरुष. हें एखाद्या कार्टूनमध्यें पाहिलें असतें, तर आपण हंसलों असतों. डाल्टनांना वेंधळे करणाऱ्या चित्रकारानें त्यांच्यावर अन्याय केला, असें मी पूर्वीं समजत असें. आतां तसें म्हणवत नाहीं. वेंधळेपणा त्यांचा स्वतःचाच होता.

पुढें मात्र हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ते थांबले तेवढ्या वेळांत गांवकऱ्यांनीं हार्डवेअरच्या दुकानांतून बंदुका घेतल्या. दरोडेखोर बाहेर पडून घोड्यांकडे धांवले, आणि त्या गल्लींत दोन्हीं बाजूंनीं गोळ्या सुटल्या. पंधरा मिनिटांच्या आंत सारें संपलें. गांवचा मार्शल चार्ल्स कॉनेली आणि आणखी तीन नागरिक मेले. बॉब, ग्रॅट, पॉवर आणि ब्रॉडवेल मेले. एमेट तेवढा उरला. त्याच्या अंगावर तेवीस जखमा होत्या आणि वय होतें एकवीस.

म्हणजे चित्रकारानें जें काढून घेतलें, तें दरोडेखोरांचें शहाणपण नव्हे; त्यानें बंदुकीचा परिणाम काढून घेतला. कार्टूनमध्यें गोळी टोपीला भोंक पाडते, पाटलोणीचा पट्टा तोडते, आणि पुढच्या प्रसंगीं सर्वजण जसेच्या तसे. मॉरिसलाहि हें एकदम साधलें नाहीं. त्यानें खऱ्या डाल्टन बंधूंवर जी पहिली कथा रचली, तिचें पुस्तक १९५४ सालीं निघालें. तिच्या शेवटीं ते चौघेहि मरतात. (खरा एमेट वांचला होता, चित्रांत तोहि गेला.) इतके चांगले दुष्ट आपण उगाच मारून टाकले, अशी चुटपुट पुढें लागली असावी, कारण १९५८ सालीं 'डाल्टनांचे चुलतभाऊ' या नांवानें नवे चौघे अवतरले, आणि हेच तें आमच्या नातीच्या ओळखीचें जिन्यासारखें चतुष्टय. यांना मरण नाहीं. तुरुंग आहे, भुयार आहे, पुन्हां तुरुंग आहे.

त्या काळीं मुलांच्या चित्रकथांवर नजर ठेवणारीं माणसें कांहीं कमी नव्हतीं. फ्रान्समध्यें १९४९ सालीं मुलांसाठीं छापल्या जाणाऱ्या प्रकाशनांविषयीं कायदा झाला होता. १९६२ सालच्या 'बिली द किड' या पुस्तकांतील, तान्हा बिली पिस्तुलाची नळी चोखतो आहे, हें चित्र त्या वेळीं गाळण्यांत आलें. पिस्तुलें मात्र सर्वत्र राहिलीं. ल्यूकच्या तोंडांतील सिगारेटसुद्धां १९८३ सालीं जाऊन तेथें गवताची काडी आली. मोठ्या माणसांची चिंता कशावर बसेल याचा नेम नाहीं.

अगदीं लहान, शाळेंतहि न जाणाऱ्या मुलांसाठीं २०१४ सालीं डिस्नेनें 'शेरीफ कॅलीज वाइल्ड वेस्ट' ही मालिका आणली, तींत पिस्तूलच उरलेलें नाहीं. शेरीफ एक मांजर आहे, तिचा मदतनीस एक सुतार पक्षी, आणि तिसरा सोबती एक निवडुंग. शेरीफचें शस्त्र म्हणजे दोराचा फांस. मद्याच्या गुत्त्याच्या जागीं दुधाचा गुत्ता आहे! तेथें अपराध घडतात तेहि मुलांच्या मापाचे: खोटें बोलणें, न विचारतां घेणें, वांटून न घेणें. विनोदाच्या दृष्टीनें डाल्टन शंभरपटींनीं सरस आहेत, यांत मला शंका नाहीं. पण प्रामाणिकपणाच्या दृष्टीनें मी त्या मांजरीच्या बाजूचा आहें. ज्या जगांत कोणी मरावयाचेंच नाहीं, त्या जगांत बंदूक तरी कशाला ठेवावी? सुटते पण लागत नाहीं अशी बंदूक, ही मला या सर्व खेळांतली एकमेव खोटी वस्तु वाटते. तरीहि नातीला डाल्टन पाहूं देतों, कारण मलाहि आव्हरेल आवडतो.

जखमांतून उठलेल्या एमेटला जन्मठेप झाली. चौदा वर्षांनंतर, १९०७ सालीं, त्याला माफी मिळाली. तो पुढें कॅलिफोर्नियांत गेला, लग्न करून राहिला, घरें-जमिनींचा धंदा केला, आणि १९१८ सालच्या 'बियाँड द लॉ' या मूकपटांत त्यानें स्वतःचीच भूमिका केली. गल्लींत जें घडलें होतें तें कॅमेऱ्यापुढें पुन्हां उभें करतांना त्याला काय वाटलें असेल, याची मी कल्पना करूं शकत नाहीं. १९३७ सालीं तो लॉस एंजल्समध्यें वारला. कॉफीव्हिलमधील संग्रहालयाला नांव आहे तें गांव राखतांना लढलेल्यांचें. दरोडेखोरांच्या आडनांवाशीं तें जोडलेलें आहे हें खरें, पण स्मरण त्या चौघा मृत गांवकऱ्यांचें चालतें.

त्या रात्रीं जेवण झाल्यावर मीं नातीला सांगितलें, "होते हो ते चोर. खरे होते, आणि खरेंच फार वेंधळे होते. खोट्या दाढ्या लावून एका गांवांत चोरी करायला गेले."

ती हंसली. "मग पकडलं त्यांना?"

"एकाला पकडलं. बाकीचे मेले. गांवांतलीं चांगलीं माणसंहि मेलीं."

ती बराच वेळ माझ्या सदऱ्याच्या गुंडीशीं चाळा करीत राहिली. मग तिनें विचारलें, "आणि आजोबा, त्यांचे घोडे?"

घोड्यांचें मीं उद्यांवर टाकलें.